रोज नवं गाव की एकाच गावात मुक्काम?
बसने छोटी गावं फिरायची तर एकतर रोज बस पकडून पुढचं गाव गाठायचं, नाहीतर एकाच गावात तीन-चार दिवस तळ ठोकून आजूबाजूला बसनेच जाऊन यायचं. पहिल्यात कंटाळा येत नाही, बघायला भरपूर मिळतं, पण अर्धा दिवस शेवटची बस कितीला या टेन्शनमध्ये जातो आणि पाठीवर सॅक असते ती वेगळीच. आणि काही शिकायचं असेल तर हे जमतच नाही हो. मातीकाम घ्या, चाकावर भांडं तासाभरात उभं राहील पण ते वाळायला काही दिवस लागतात, ओलंच भट्टीत टाकलं तर आतल्या पाण्याची वाफ होऊन फुटतं, म्हणजे एका दिवसाच्या पाहुण्याने फक्त हात बरबटून घ्यायचे. विणायला बसलात तर निदान त्याच दिवशी चार बोटं कापड दिसतं.

मुक्कामाला लोक ओळखायला लागतात, कुठली बस खरंच वेळेवर येते हे तेच सांगतात. गाव फारच छोटं असेल तर तिसऱ्या दिवशी बोअर होतं म्हणा, तरी मी मुक्कामच निवडेन, फक्त परतीच्या बसचं आधी विचारून ठेवा, सुट्टीच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी फेऱ्या कमी असतात.