रिस्ट्रिक्ट की प्रोहिबिट?

ट्यूशनचा पोरगा परवा विचारला, दोन्हीचा अर्थ बंदीच की हो सर? नाही रे बाबा. गल्लीच्या तोंडाला ट्रकला सकाळ-संध्याकाळ मनाई, मधल्या वेळात खुशाल जा, हे झालं रिस्ट्रिक्ट, म्हणजे मर्यादा घातली. प्रोहिबिट म्हणजे अजिबात नाही, विषय संपला. रिस्ट्रिक्टच्या मागं बहुतेक टू लागतं, प्रोहिबिटच्या मागं फ्रॉम, पोरं नेमकं तिथंच मार्क घालवतात.

आता बेळगावात 1 नोव्हेंबर, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन, आला की जमावबंदीची चर्चा सुरू, इंग्रजी पेपरात तिला प्रोहिबिटरी ऑर्डर म्हणतात, आधीचं कलम 144, जुलै 2024 पासून नव्या कायद्यातलं 163. पण त्यात सहसा चौघं उभारलेले चालतात, पाचवा आला की बंदी, मग हे रिस्ट्रिक्टच नव्हे काय? पोरगा हेच विचारला आणि मी चहा मागवलो.