टोपणाखाली लपवलेली चाके

आमची मुलगी सहा महिन्यांची झाली, मान पक्की धरू लागली आणि कुकर लावण्यापुरतीसुद्धा सतरंजीवर एकटी राहीना, तेव्हा एका जागी स्थिर राहणारे ॲक्टिव्हिटी सेंटर, म्हणजे मधल्या बैठकीत बाळाला बसवून भोवतीच्या खेळण्यांशी खेळू देणारे साधन, घ्यावे असे आम्ही ठरवले. चाकांवर फिरणारा वॉकर घ्यायचा नाही, हे मात्र पक्के होते. वॉकरमुळे मूल लवकर चालायला लागत नाही, उलट डोळ्याचे पाते लवते न लवते तोच जिन्यापाशी किंवा गरम भांड्यापाशी पोहोचते, असे बालरोगतज्ज्ञांनी आम्हाला बजावले होते. कॅनडाने तर २००४ सालीच वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

समाजमाध्यमावरील एका जाहिरातीत हवे तसे सेंटर दिसले आणि त्याखाली ‘चाके नाहीत, आयएसआय प्रमाणित’ असे लिहिलेले होते. मी व्हॉट्सॲपवर दोनदा विचारून खात्री करून घेतली. “ताई, जागचे हलत नाही, निर्धास्त राहा,” असे उत्तर आले. वस्तू आल्यावर पैसे देण्याची सोय नव्हती, म्हणून ४,२०० रुपये यूपीआयने आगाऊ पाठवले.

खोके आले. जोडणी झाल्यावर सासूबाईंनी ते हलते का हे पाहण्यासाठी कडेला हात लावून ढकलले, तर खालच्या कड्याचे एक प्लास्टिकचे टोपण निघून फरशीवर घरंगळत गेले आणि आतले चाक उघडे पडले. तशी सहा टोपणे होती आणि प्रत्येकाखाली एक चाक होते. आम्हाला वॉकरच विकण्यात आला होता. मग आम्ही बारकाईने पाहू लागलो. बैठक ज्या स्प्रिंगांवर टांगलेली होती त्यांच्यावरचे कापड अपुरे होते आणि वेटोळ्यांच्या फटीत माझ्या करंगळीचे टोक सहज अडकत होते. बाळाच्या बोटांचे काय झाले असते, हा विचार आजही अंगावर काटा आणतो. गाणी वाजवणाऱ्या पट्टीत बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या होत्या आणि त्यांचे झाकण स्क्रूने बंद केलेले नसून नखाने उघडत होते. अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते.

आयएसआयचे चिन्ह चिकटवलेले होते, पण त्याखाली सीएम/एल हा परवाना क्रमांकच नव्हता. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना हे चिन्ह सक्तीचे आहे आणि हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा व कशासाठी आहे ते कळते. मी तो क्रमांक पैसे देण्याआधीच मागायला हवा होता. खालच्या बाजूचा फोटो आणि चालू व्हिडिओही मागायला हवा होता, कारण जाहिरातीतले सगळे फोटो वरून काढलेले होते.

विक्रेत्याने आधी ‘वस्तू वापरलेली आहे’ असे म्हटले आणि नंतर माझा फोन क्रमांकच ब्लॉक केला. मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. व्यवहाराचा क्रमांक, संभाषणाची चित्रे आणि खोक्यावरचा पत्ता जपून ठेवल्यामुळे तक्रार लिहिणे सोपे गेले. पैसे अजून मिळालेले नाहीत.

पुढे आम्ही दुकानात जाऊन, उलटे करून पाहून, खरोखर बिनचाकांचे सेंटर घेतले. उंची अशी लावली आहे की तिचे तळवे फरशीला टेकतात. ती चवड्यांवर उभी राहत नाही. एका वेळी पंधरा-वीस मिनिटांपलीकडे तिला त्यात ठेवत नाही आणि तेवढा वेळ कोणीतरी समोर बसतेच. पडद्याच्या दोऱ्या आणि चार्जरची वायर तिथून हलवली आहे. बाकीचा वेळ ती पालथी पडते, सरपटते, रांगायचा प्रयत्न करते. चालू लागली की हेही बंद करायचे आहे.

तो वॉकर भंगारवाल्याला सबंध दिला असता तर दुसऱ्या कोणाच्या तरी बाळाला त्यात बसवले गेले असते. म्हणून यजमानांनी सहाही चाके उपटून काढली, मी बैठकीचे कापड कात्रीने उभे-आडवे कापले, बॅटऱ्या काढून वेगळ्या ठेवल्या आणि मगच सांगाडा घराबाहेर जाऊ दिला.