३१ इंची की ३८ इंची? कंपाउंड बो घेण्याआधी

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी कंपाउंड बोच्या, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या तिरंदाजीत जगज्जेते झाले. तेव्हापासून मैदानावर पालक भेटले की विचारतात, कोणता बो घेऊ? कंपन्यांचं मला विचारू नका. मी दोन वर्षं ३१ इंची बो मारला, आता ३८ इंची मारतो. या दोघांमधलं तेवढं सांगतो. (हे इंच एक्सलपासून एक्सलपर्यंतचे, म्हणजे टोकांच्या चाकांच्या आसांमधलं अंतर; ड्रॉ लेंग्थचे, म्हणजे स्ट्रिंग किती मागे ओढली जाते त्याचे, नव्हेत. दुकानातसुद्धा यात गफलत होते.)

आखूड बो सोयीचा, यात वाद नाही. माझ्या बोचं मॉड्यूल (ड्रॉ लेंग्थ ठरवणारा चाकावरचा तुकडा) ॲलन की घेऊन सरकवता यायचं, बो दाबून स्ट्रिंग सैल करणाऱ्या बो प्रेसची गरज नव्हती. सुट्टीत पुतणी यायची. तिची ड्रॉ लेंग्थ २५, माझी २९. लिंब बोल्ट (बोच्या वरच्या-खालच्या पात्यांचे स्क्रू) दोन्हीकडून सारखे ढिले करून पाउंड, म्हणजे ओढायचा जोर, उतरवले की दहा मिनिटांत बो तिचा. पीपची, म्हणजे स्ट्रिंगमधल्या नेम धरायच्या भोकाची, उंची जमायची नाही, पण सरावापुरतं चालून जायचं. शिवाय हलका, एसटीत वरच्या रॅकवर मावायचा.

लांब बोने मला आधी त्रासच दिला. सेकंडहँड घेतला, त्यावर २८ चं मॉड्यूल होतं. माझ्या मापाचं यायला दीड महिना लागला आणि बसवायला प्रेस शोधत फिरावं लागलं. स्टॅबिलायझर (बो स्थिर ठेवणारा पुढचा दांडा) लावला की डावा खांदा पहिले काही आठवडे बोलतो.

तरी बदललो, ते मानेमुळे. २९ इंच ओढल्यावर आखूड बोची स्ट्रिंग इतका तिरपा कोन करते की ती नाकापासून दूरच राहते. डोकं दर वेळी त्याच जागी राहावं म्हणून नाक स्ट्रिंगला टेकवायचं असतं. मग ते टेकवायला आपण डोकं पुढे काढतो. दुकानात तीन बाण मारताना हे कळतच नाही. ७२ बाणांच्या फेरीत चाळिसाव्या बाणानंतर मान हळूच पुढे जायची, पीपच्या गोलात स्कोपचा (बोवरच्या नेमाच्या भिंगाचा) गोल मधोमध बसायचा नाही, एका कडेला चंद्रकोरीसारखी फट दिसायची. बाण डावीकडे. ५० मीटरवर दहाचं वर्तुळ फक्त ८ सेंटिमीटरचं, तिथे एवढी फट पुरते. मी साइट (नेम जुळवायचं साधन) फिरवत बसायचो आणि रात्री मानेला बाम चोळायचो.

लांब बोवर डोळे मिटून ओढलं, तरी स्ट्रिंग आपणहून नाकाच्या शेंड्यावर येते. मान जागची हलत नाही. गुण किती वाढले ते नीट मोजलेलं नाही. बाम मात्र सुटला.

अर्थात, हे माझ्या हाताच्या लांबीचं गणित. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत इंचांत मोजा, अडीचने भागा, ती साधारण तुमची ड्रॉ लेंग्थ. उत्तर २६ च्या आत आलं किंवा मूल वाढतंय, तर आखूड घ्यायला हरकत नसावी. २८ च्या पुढे असाल तर निदान एकदा कुणाचा तरी लांब बो मागून पूर्ण फेरी मारून बघा. पाउंडांचा हट्ट दोन्हीकडे नको. खुर्चीत बसून, बो आभाळाकडे न नेता ओढता आला पाहिजे.

माझा ३१ इंची पुतणी घेऊन गेली. तिचं नाक स्ट्रिंगला बरोबर टेकतं.