गाडीबरोबर आलेली आठ चलने: पुण्यातील जुन्या मोटारींच्या एका दालनाचा अनुभव

मे २०२४ च्या अखेरीस आम्ही पुण्यात सोलापूर रस्त्यालगतच्या एका जुन्या मोटारींच्या दालनातून २०१७ सालची पेट्रोल हॅचबॅक ३ लाख ४० हजार रुपयांना घेतली. दालनाचे नाव येथे देत नाही. त्यांच्याशी आमचा हिशेब आता मिटला आहे, आणि जे आमच्या वाट्याला आले ते अशा कोणत्याही दालनात कोणाच्याही वाट्याला येऊ शकते. काय तपासले नाही म्हणून काय भोगावे लागले, ते मात्र तपशिलात लिहिते आहे.

दालन नीटनेटके होते. पत्र्याच्या उंच शेडखाली चाळीसेक गाड्या ओळीने लावलेल्या होत्या आणि प्रत्येकीच्या काचेवर साल, इंधन, चाललेले किलोमीटर व किंमत लिहिलेला कागद चिकटवलेला होता. बोलणारी मुले अदबीने वागत होती, चहा विचारत होती, घाई करत नव्हती. आमच्या गाडीच्या कागदावर ३८,४०० किलोमीटर असा आकडा होता. ‘ताई, एका डॉक्टरांची गाडी आहे. घर ते दवाखाना एवढीच चालली आहे, पुण्याच्या बाहेर कधी गेलेली नाही,’ असे आम्हाला सांगण्यात आले. गाडीच्या आत अत्तराचा उग्र वास होता. तो स्वच्छतेचा भाग असावा असे तेव्हा मला वाटले, आणि माझी पहिली चूक तिथेच झाली.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी घडली. दालनासमोर गिऱ्हाइकांच्या गाड्या लावायला जागा नाही. आतल्या आवारात विक्रीच्या गाड्या, आणि त्यांतल्या काही थेट पदपथावर. आम्ही दुचाकी कोठे लावावी असे विचारले तेव्हा ‘इथेच रस्त्याकडेला लावा, काही होत नाही’ असे उत्तर मिळाले. संध्याकाळी यजमानांच्या मोबाइलवर नो पार्किंगच्या ५०० रुपये दंडाच्या चलनाचा संदेश आला. दोन दिवसांनी टोकनची रक्कम द्यायला गेलो तेव्हा मी मुद्दाम वाहतूक फलकाचा खांब शोधला. खांबावर फलक होता, परंतु त्याचा अर्धा भाग दालनाच्याच ‘आकर्षक हप्त्यांत गाडी’ अशा कापडी फलकाने झाकलेला होता. कापड बाजूला केल्यावर निळ्या गोलावर लाल कडा आणि एकमेकींना छेदणाऱ्या दोन लाल पट्ट्या दिसल्या.

या फलकाबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण आमच्या घरातील कोणालाच तो नेमका वाचता येत नव्हता. निळा गोल, लाल कडा आणि एकच तिरकी लाल पट्टी असेल तर तेथे वाहन लावून जाण्यास मनाई असते. माणूस उतरवण्यापुरते थांबून लगेच पुढे जाता येते. पट्ट्या दोन असून फुली झाली असेल तर तेथे थांबण्यासही मनाई असते, म्हणजे चालक गाडीत बसून असला आणि इंजिन चालू असले तरी तो नियमभंगच ठरतो. गोल फलक आज्ञेचा, त्रिकोणी फलक सावधगिरीचा आणि चौकोनी किंवा आयताकृती फलक माहितीचा, एवढी विभागणी लक्षात राहिली तरी निम्मे काम होते. निळ्या चौकोनात इंग्रजी पी असेल तर तेथे वाहन लावण्यास परवानगी आहे. फलकाखालच्या छोट्या पाटीवर बाण, वेळ किंवा वाहनाचा प्रकार लिहिलेला असतो आणि अनेक चलने ती पाटी न वाचल्यामुळे होतात. पुण्यातील पेठांमध्ये पी-१ आणि पी-२ अशा पाट्या असतात, तेथे विषम तारखेला एका बाजूस आणि सम तारखेला दुसऱ्या बाजूस वाहन लावायचे असते. रात्री लावलेली गाडी सकाळी तारीख बदलल्यावर चुकीच्या बाजूला ठरते, हे बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्यांना आवर्जून सांगावे लागते. फलकावर कापड लावणाऱ्याने ते काढायला हवे, हे मी दालनाच्या व्यवस्थापकांना त्याच दिवशी सांगितले. त्यांनी मान डोलावली, पण कापड तसेच राहिले.

पैसे भरले, गाडी घरी आली. नाव बदलण्याचे काम दालनाने स्वतःकडे घेतले होते आणि त्यासाठी ६ हजार रुपये वेगळे घेतले होते. तीन आठवड्यांनी फोन आला. ‘ताई, गाडीवर जुनी चलने आहेत. ती भरल्याशिवाय ट्रान्सफर पुढे जात नाही. तेवढी तुम्ही भरून टाका.’ रक्कम ७,१०० रुपये होती. इतकी चलने कसली, हे पाहण्यासाठी मी वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक आणि चासी क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले. हे काम मला टोकन देण्याच्या आधी पाच मिनिटांत करता आले असते.

यादीत आठ चलने होती आणि त्यांतील पाच नो पार्किंगची होती. प्रत्येक चलनावर तारीख, वेळ, ठिकाण आणि बहुतेकांवर छायाचित्रही होते. मी केवळ रक्कम ताडून पाहण्यासाठी ती एकेक उघडत गेले आणि चौथ्यावर थांबले. ठिकाण चिपळूण, बाजारपेठेचा भाग. तारीख जून २०२१ मधील. छायाचित्रात आमचीच गाडी होती, आमचाच क्रमांक होता. पुण्याच्या बाहेर न गेलेली गाडी चिपळुणात उभी होती. त्यानंतर महिन्याभराने, २२ जुलै २०२१ रोजी, वाशिष्ठीच्या पुराचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले होते आणि कित्येक घरांचे तळमजले बुडाले होते. जूनमधील चलनावरून गाडी जुलैच्या पुरात सापडली होती असे मुळीच सिद्ध होत नाही, हे मी तेव्हाही स्वतःला बजावले. तरीही त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्याच आठवड्यात पाऊस सुरू झाला होता आणि गाडीने त्रास द्यायला सुरुवात केली होती.

आधी डाव्या मागच्या दाराचे सेंट्रल लॉक बंद पडले. मग चालकाच्या बाजूची काच अर्ध्यावर अडकली, आणि एके दिवशी कात्रजच्या चढावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा लागला तो विझेचना. दालनाच्या मुलांनी ‘पावसात असे होते, सेन्सर साफ करून देतो’ म्हणून दोनदा गाडी नेली आणि दिवा विझवून परत आणली. दोन्ही वेळा तो चार दिवसांत पुन्हा लागला. शेवटी आम्ही गाडी आमच्या भागातील एका ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे नेली. गाड्यांच्या वायरिंगचे काम ते तीस वर्षे करत आहेत.

काकांनी बॉनेट उघडलेच नाही. ते मागच्या आसनावर बसले आणि त्यांनी सीटबेल्ट हळूहळू शेवटपर्यंत बाहेर ओढला. एरवी आपण तो छातीपुरता ओढतो, उरलेला पट्टा आतल्या रिळावर गुंडाळलेलाच राहतो. त्या कधीही बाहेर न येणाऱ्या भागावर तपकिरी, आडवी, सरळ रेघ होती, चहाच्या कपात उरते तशी. रेघेखालचा पट्टा खरखरीत झाला होता. मग त्यांनी पुढच्या आसनाचे बोल्ट पाहिले, ते गंजलेले होते. गालिचा उचलला तेव्हा खालच्या फोमच्या खोबणीत गाळाची बारीक, पिठासारखी पूड बोटाला लागली. एअरबॅगचा पिवळा कनेक्टर सोडवला तर त्याच्या पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर. ‘ही गाडी पाण्यात होती, आणि पाणी आसनापर्यंत होते,’ एवढेच ते म्हणाले. वरून पॉलिश केलेल्या गाडीत पाणी कोठे लपते हे ज्याला ठाऊक आहे, त्याला दहा मिनिटे पुरतात. म्हणून गाडी घेण्याआधी आपल्या विश्वासाच्या मिस्त्रीला सोबत नेण्यावर जे पाचशे-हजार रुपये जातात, ते वाचवू नयेत असे मी कळकळीने सांगेन.

त्यानंतर आम्ही आरसीची, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राची, प्रत घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो आणि गाडीची जुनी नोंद मागितली. जुलै २०२० मधील सर्व्हिसच्या वेळी मीटरवर ६१,२०० किलोमीटर होते. आम्हाला विकताना, चार वर्षांनी, मीटर ३८,४०० दाखवत होते. ऑगस्ट २०२१ मध्ये विम्याच्या दाव्यातील कामाची एक नोंद होती आणि त्यानंतर त्या गाडीची कोणतीच नोंद नव्हती. मीटर मागे फिरवणे ही आता लॅपटॉपने होणारी दहा मिनिटांची गोष्ट झाली आहे. म्हणून मीटरच्या आकड्यापेक्षा जुनी बिले, झिजलेले क्लच पेडल आणि टायरवरील चार अंक यांवर जास्त विसंबावे. त्या चार अंकांतील पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन सालाचे असतात. आमच्या गाडीचे चारही टायर २३१८ असे होते, म्हणजे २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यातील. केवळ अडतीस हजार किलोमीटर चाललेल्या २०१७ च्या गाडीला चारही टायर का बदलावे लागले, हा प्रश्न मला दालनातच पडायला हवा होता.

कागदपत्रांच्या बाबतीत दालनाची बाजू सर्वांत कच्ची निघाली. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणी झालेल्या वाहनांची खरेदी-विक्री करणाऱ्या व्यावसायिकाकडे परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र असावे लागते. मूळ मालक गाडी त्याच्या ताब्यात देतो तेव्हा तशी सूचना नमुना २९-सी मध्ये नोंदवावी लागते आणि त्यानंतर गाडीची जबाबदारी त्या व्यावसायिकावर येते. दालनात उभी असताना गाडी कोठे, कशासाठी आणि किती फिरली याची नोंदवहीही त्याने ठेवायची असते. आम्ही अधिकारपत्र मागितले तेव्हा ‘अर्ज केलेला आहे’ असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात त्यांच्याकडे मूळ मालकाच्या सह्या असलेले, खरेदीदाराचे नाव रिकामे ठेवलेले, मालकी बदलण्यासाठीचे २९ आणि ३० क्रमांकाचे नमुने होते. मधल्या काळातील दोन चलने गाडी दालनाच्या ताब्यात असतानाची निघाली. त्यांपैकी एकाचे ठिकाण दालनासमोरचाच रस्ता होता.

कोऱ्या फॉर्मवर सह्या देऊन गाडी विकणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले, की नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक; गाडी पुढे कितीही हातांतून गेली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्याकडे येते. त्याच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. आमच्या गाडीचे डॉक्टर खरोखर डॉक्टर होते की नाही ते मला माहीत नाही, परंतु तीन आठवड्यांहून अधिक काळ आम्ही त्यांच्या नावावर पुण्यात फिरत होतो आणि त्यांना त्याची कल्पनाही नसावी, याचे मला वाईट वाटते.

चलनांच्या छापील प्रती, सेवा केंद्रातील नोंद, सीटबेल्टची व कनेक्टरची छायाचित्रे आणि काचेवरच्या ३८,४०० आकडा लिहिलेल्या कागदाचे आम्ही पहिल्या दिवशी सहज काढलेले छायाचित्र घेऊन आम्ही दालनात गेलो. या शेवटच्या छायाचित्राचा सर्वांत जास्त उपयोग झाला, कारण तोंडी सांगितलेले नाकारता येते, काचेवर लिहिलेले नाकारता येत नाही. मालाच्या दर्जाबद्दल खोटे सांगून विक्री करणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क पडत नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि तिला दोन वर्षांची मुदत असते. आम्ही तक्रारीचा मसुदा टाइप करूनच नेला होता. व्यवस्थापकांनी तो शांतपणे वाचला, मालकांना फोन लावला आणि दुसऱ्या दिवशी या असे सांगितले.

सतरा दिवस आणि पाच खेपा लागल्या. गाडी त्यांनी परत घेतली. ३ लाख ४० हजारांपैकी ३ लाख २८ हजार रुपये बँकेत जमा झाले आणि चलनांचे ७,१०० रुपये त्यांनीच भरले. नाव बदलण्यासाठी घेतलेले ६ हजार, विम्याचा हप्ता आणि काकांची मजुरी परत मिळाली नाही. १२ हजार ‘वापराचे’ म्हणून कापले गेले, आणि आयोगात जाण्याचा त्रास नको म्हणून आम्ही ते सोडून दिले. यजमानांना ते अजूनही पटलेले नाही.

म्हणून माझे मत असे: वागणुकीबद्दल मी या दालनाला पाचपैकी चार गुण देईन, कारण तक्रारीच्या काळातही कोणी आवाज चढवला नाही. गाडीच्या माहितीबद्दल शून्य. कागदपत्रांबद्दल एक, आणि तोही पैसे बँकेतून, पावतीसह परत केल्याबद्दल. गेल्या आठवड्यात बसने त्या रस्त्यावरून जाताना मी खांबाकडे पाहिले. कापडी फलक काढलेला होता आणि फुली पूर्ण दिसत होती. तिच्याखाली विक्रीच्या तीन गाड्या उभ्या होत्या.