लग्नाच्या डीजेवर 'गर्ल्स अँड बॉइज': टॉप हळू ठेवले तर गाणं गेलं

ब्लर या ब्रिटिश बँडचं हे मार्च १९९४चं गाणं. आपल्या वऱ्हाडी-नागपुरीत नाव सांगायचं तर 'पोट्ट्या न् पोट्टे'. बँडचा गायक डेमन अल्बर्न स्पेनच्या मयोर्का बेटावर मागालुफला गेला होता. स्वस्त पॅकेज टूरवर आलेल्या तरुण पोरापोरींची तिथली मौजमस्ती त्यानं पाहिली आणि त्यातून गाणं निघालं. ब्रिटनच्या गाण्यांच्या विक्रीच्या यादीत ते पाचव्या क्रमांकापर्यंत पोचलं. पावसाळ्यात चिखलदऱ्याला सुटलेली टोळकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना यातली झिंग सांगावी लागत नाही. गाणं या पोरांना नावं ठेवत नाही की डोक्यावरही घेत नाही, ही त्याची मोठी ताकद.

ठेका मिनिटाला १२०च्या आसपास, सरळ डिस्को. धुमालवर, म्हणजे आपल्याकडच्या वरातीतल्या ढोल-ताशांच्या बँडवर, नाचलेल्या पायांना तो आधी सपाट लागेल. खरा जीव आहे अ‍ॅलेक्स जेम्सच्या बेस गिटारमध्ये: खालचा सूर, लगेच त्याचाच वरच्या सप्तकातला सूर, अशा तिच्या उड्या चालतात. आपल्याकडचे सेटअप नेमके इथंच मार खातात. बेसच्या पेट्या आणि टॉप (मधले-वरचे सूर वाजवणाऱ्या पेट्या) यांची वाटणी बहुतेक १०० हर्ट्झच्या आसपास असते. टॉप हळू असले की खालचा सूर छातीवर आदळतो, वरचा गायब. चाल तुटते, उरतं नुसतं धबधब.

म्हणून इक्वलायझरवर (सुरांचे पट्टे कमी-जास्त करायची बटनं) ५०-६० हर्ट्झचं वाढवलेलं बटन शून्यावर आणा. १०० ते २५० हा पट्टा कापू नका. ८००च्या जवळ २-३ डीबी (डेसिबल) वाढवा. मग तारेवर बोट पडल्याचा 'टण्' टिनाच्या मांडवातही सुटा ऐकू येतो. जुन्या सीडीचा आवाज आजच्या गाण्यांपेक्षा हळू असतो, तो मिक्सरच्या गेनवर (आत येणारा आवाज वाढवायच्या बटनावर) वाढवा, पण आवाज फाटायचा इशारा देणाऱ्या लाल दिव्याच्या अलीकडेच थांबा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली फाईल नकोच, झांजा खरखरतात.

पेट शॉप बॉइज या ब्रिटिश जोडीचं याच गाण्याचं रीमिक्स जास्त इलेक्ट्रॉनिक आहे. नाचायला सोपं पडतं, तरी आमची पसंती मूळ गाण्यालाच.

हळदीच्या रात्री, दहाच्या आत, एका जागी उभ्या सेटअपवर लावा. वरातीच्या गाडीवर नको: टॉपचं तोंड एकीकडं, नाचणारे चारी बाजूंना, बाजूला नाचणाऱ्यांपर्यंत ती वरची उडी धड पोचतच नाही.