चिऱ्याच्या भिंतीतला फिशटँक: एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यावर

भिंतीत फिशटँक बसवायचा असेल तर आधी भिंतीच्या मागे काय आहे ते बघा. मागे माणसाला उभं राहून दोन्ही हात वापरता येतील एवढी जागा नसेल, तर हा बेत सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. समोरून दिसते ती नुसती काच. खाणं घालणं, पाणी बदलणं, फिल्टर धुणं, दिवा बदलणं, सगळं मागूनच करायचं असतं. रत्नागिरीत झाडगावच्या मत्स्यालयात काचेसमोर उभे राहिलेल्या पोरांना मागची बाजू दिसत नाही. घरात ती आपल्यालाच सांभाळायची असते.

आमचं घर जांभ्या चिऱ्याचं, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. ओटी आणि कोठीची खोली यांच्यामधली भिंत निवडली, म्हणजे ओटीवर बसलेल्याला मासे दिसतात आणि बादल्या, पाइप, जाळी सगळं कोठीत राहतं.

टँक ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. आत साधारण २५० लिटर पाणी मावतं. १० मिलिमीटरच्या काचेचं वजन ५० किलोच्या आसपास, शिवाय वाळू आणि दगड. एकूण साडेतीनशे किलो धरून चालायचं. हा भार भिंतीवर टाकायचा नाही. भिंतीला फक्त खिडकी पाडायची आणि टँक तिच्यामागे स्वतःच्या पायांवर उभा करायचा. खिडकी टँकपेक्षा थोडी लहान ठेवली, त्यामुळे काचेच्या कडा आणि पाण्याची वरची रेघ ओटीवरून दिसत नाही. आमच्या घरात छपराचा भार चिऱ्यावरच आहे. मेस्त्री म्हणाले, "आधी वरचा भार टेकूवर घेऊया, मगच चिरे काढायचे." त्याप्रमाणे टेकू दिले, लिंटेल, म्हणजे खिडकीवरची काँक्रीटची आडवी पट्टी, दोन्ही बाजूंना भिंतीत पुरेसं आत घेऊन ओतलं, ते पक्कं झाल्यावर खालचे चिरे काढले. या कामाला घाई नको.

स्टँडसाठी लोखंड घेतलंच नाही. खाऱ्या वाऱ्यात रंग दिलेलं लोखंडही वेल्डिंगच्या जोडापासून फुगायला लागतं, आणि भरलेल्या टँकखालचा स्टँड बदलणं म्हणजे सगळा संसार रिकामा करणं. चिऱ्याचेच तीन खांब बांधले, वर जाड कडप्पा, त्यावर थर्माकोल आणि मग टँक. पावसाळ्यानंतर पातळी लावून पाहिली, जराही हललेला नाही. कपाटाच्या फळ्यांना आयएस ७१० चं मरीन प्लाय वापरलं. महाग पडतं, पण साधं प्लाय इथे टिकत नाही. स्क्रू पितळेचे.

टँकच्या वर दीड फूट मोकळी जागा सोडली आहे. सगळ्या आखणीतला हा आकडा मला सर्वांत मोलाचा वाटतो. तळाला लावलेली वनस्पती नीट करायची तर खांद्यापर्यंत हात आत जावा लागतो, आणि वर फळी आडवी आली की ते काम टाळलं जातं. टँक आणि भिंत यांच्यामध्ये रबराची पट्टी आहे, त्यामुळे कोठीतली ओल ओटीच्या रंगापर्यंत येत नाही. कोठीत एक्झॉस्ट पंखा लावला. त्याशिवाय श्रावणात भिंतीला बुरशी धरली असती.

विजेची सगळी बटणं टँकच्या वरच्या उंचीवर घेतली आणि प्रत्येक वायरला खाली झोळ दिला, म्हणजे ओघळणारं पाणी प्लगपर्यंत पोचत नाही. वीज गळली की लगेच प्रवाह तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी लावल्याशिवाय पाण्यात हात घालू नये. यात तडजोड नाही.

आता पाणी. इथे सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी मऊ आणि किंचित आम्ल असतं. आमच्या विहिरीचा पीएच ६.२ च्या आसपास, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, शंभराच्या आत. बार्ब, टेट्रा, गुरामी यांना हे पाणी मानवतं. पश्चिम घाटातल्या नद्यांमधला फिलामेंट बार्ब तर त्यात असा रंगात येतो की पाहुणे आधी त्याच्याबद्दलच विचारतात. पण मऊ पाण्यात पीएच टिकवून धरणारे क्षार कमी, आणि अमोनियाचं नायट्रेट करणारे जिवाणू तेवढेही खर्च करत राहतात. मग पीएच हळूहळू घसरतो, सहाच्या खाली गेला की जिवाणूंचंच काम मंदावतं आणि अमोनिया साचायला लागतो. आम्ल पाण्यात तो फारसा बाधत नाही. अशा वेळी कुणी घाईने खायचा सोडा टाकला, तर पीएच एकदम चढतो आणि तोच साचलेला अमोनिया विषारी होतो. आम्ही कालवांची शिंपलं उकळून, वाळवून, फोडून फिल्टरमध्ये एका जाळीच्या पिशवीत ठेवली आहेत. ती लागतील तसे क्षार सोडतात, आणि पीएच साडेसहाच्या जवळ टिकून आहे.

पावसाळ्यात ग्रामपंचायतीकडून विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारणारी क्लोरिनची पावडर पडते. माणसांसाठी ते हवंच, माशांच्या कल्ल्यांना मात्र क्लोरिन जाळतो. कोठीत वेगळा ड्रम ठेवला आहे. त्यात पाणी दिवसभर उघडं राहतं, घाई असेल तर क्लोरिन घालवणारे हायपोचे खडे. उलट मे महिन्यात किनाऱ्याजवळच्या विहिरींचं पाणी मचूळ व्हायला लागतं, तेव्हा पाणी बदलण्याआधी दरवेळी टीडीएस बघतो. छतावरच्या काळ्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात फक्त सकाळी घ्यायचं, दुपारी ते हाताला चटका देतं. दर आठवड्याला ५० लिटर बदलतो. जुनं पाणी पाइपने थेट सुपारीच्या आळ्यांत जातं.

उन्हाळ्यात टँकचं पाणी ३२ अंशांपर्यंत चढलं. २० अंशांना पाण्यात लिटरला ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसात. पृष्ठभागावर पंखा सोडून पाणी गार करण्याचा सल्ला देशावर चांगला लागू पडतो. इथल्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी, त्यामुळे फरक थोडाच पडतो. पृष्ठभाग सतत हलता ठेवणं आणि मासे कमी ठेवणं याचा उपयोग जास्त झाला. गोल्डफिश इथे ठेवू नयेत.

वादळात वीज रात्रभर गेली तरी मासे टिकले, कारण स्पंज फिल्टर बॅटरीवरच्या एअर पंपाला जोडलेला आहे. बंद पडलेल्या कॅनिस्टर फिल्टरमध्ये, म्हणजे टँकबाहेरच्या बंद डब्यातल्या फिल्टरमध्ये, मात्र प्राणवायू संपून पाणी कुजतं. बराच वेळ वीज नसेल तर तो उघडून आतलं पाणी ओतून द्यायचं, मगच चालू करायचा. आणि वीज येईपर्यंत खाणं बंद.

तक्रार एकच आहे. समोरची चौकट फणसाच्या लाकडाची, चारही बाजूंना लाकडी फिरक्या लावलेली, म्हणजे काच पुसायला सहज निघावी. आषाढात ती फुगून घट्ट बसली आणि दिवाळीपर्यंत निघाली नाही. सुतार आता कोरड्या दिवसांत कडेने रंधा मारून आतल्या बाजूलाही तेल देणार आहे.