फ्रीज बिघडलाच नव्हता, ४८,००० मात्र गेले

लिहू की नको करत महिना काढला कारण लाज वाटते. पण परवा ओळखीतल्या एकाला मला फसवणारा फ्रीज मेकॅनिकच "गॅस कमी झालाय" सांगून गेला असं कळलं, म्हणून लिहितोय.

मित्र आणि मी, दोघांत मिळून एक सेकंडहँड तीस फुटी शिडाची बोट आहे, मुंबईत मूरिंगवर असते, म्हणजे किनाऱ्यापासून लांब पाण्यातच बांधलेली, होडीने जावं लागतं. श्रीमंत वगैरे नाही आम्ही. हे आधीच सांगतो कारण पोलिसांपासून मेहुण्यापर्यंत सगळ्यांनी हेच ऐकवलं, बोट परवडते ना, मग रडतोस कशाला. तर बोटीत आइसबॉक्सला बारा व्होल्टचा डॅनफॉस कंपनीचा कॉम्प्रेसर बसवलेला आहे, हाच आमचा फ्रीज, लॉकरमध्ये, पंख्याने थंड होणारा. मार्चमध्ये त्याने नखरे सुरू केले, काही सेकंद चालायचा, बंद, मिनिटभराने परत सुरू, परत बंद. मांडव्याला जाताना २,६०० ची सुरमई घेतली होती ती दुसऱ्या दिवशी समुद्रात टाकली, बायको अजून बोलते त्यावरून.

दुसऱ्या एका बोटवाल्याने या मेकॅनिकचा नंबर दिला. गोड बोलणारा, "काका काका" करणारा. पहिल्यांदा आला, हात लावून बघितलं, म्हणाला गॅस गेलाय. ३,५०० गॅसचे आणि ६०० त्याच्या होडीचे. आठ दिवसांनी परत तेच. परत गॅस, सोबत फिल्टर ड्रायर, ४,२०० अधिक ६००. आता कळतंय की बंद सिस्टीममधला गॅस असाच हवेत विरत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी लीक आहे, आणि लीक न शोधता गॅस मारणारा एकतर अडाणी असतो नाहीतर लबाड. आमच्या युनिटच्या स्टिकरवर ८० ग्रॅम लिहिलंय, ऐंशी! या बाबाकडे वजनकाटाच नव्हता, सिलेंडर उलटा धरून अंदाजपंचे सोडत होता. काटा नसेल तर पायऱ्या उतरायच्या आधीच त्याला परत पाठवा. आणि घरच्या फ्रीजचा जळणारा गॅस भरतो म्हणाला तर अजिबात नको, तो हवेपेक्षा जड असतो, बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, साठतो, एक ठिणगी पुरे.

तिसऱ्या वेळी म्हणाला कॉम्प्रेसर उडालाय. नवा ओरिजिनल ३८,५००, ॲडव्हान्स २५,०००, यूपीआय त्याच्या बायकोच्या नंबरवर कारण "माझं लिमिट संपलंय". केले. हो, केले. एप्रिलचा उकाडा, केबिनमध्ये उभं राहवत नाही, चार दिवसांनी पाहुण्यांना घेऊन मुरुडला जायचं ठरलेलं, त्यात मी मेकॅनिकलवाला, वायरींच्या नादाला लागत नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं सांगा. शिवाय आधी तो पाण्याने थंड होणाऱ्या सिस्टीमचे ६५,००० सांगत होता त्यामुळे ३८,५०० मला स्वस्त वाटले, हीच तर गंमत.

जुना घेऊन गेला, दोन दिवसांनी नवा लावला, उरलेले १३,५०० आणि होडीचे ६०० घेतले. बिल "मागाहून व्हॉट्सअॅप करतो". फ्रीज मस्त चालला. तीन तास.

आता ती गोष्ट जी आठवली की अजून डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. तिन्ही वेळा, तिन्ही वेळा हं, चालू करून दाखवायच्या आधी तो म्हणायचा, "काका, जरा इंजिन मारा ना, बॅटरी कशाला उतरवायची." मी शहाण्यासारखा किल्ली फिरवायचो. इंजिन चालू झालं की अल्टरनेटरमुळे (इंजिनवरचा बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) चौदा व्होल्ट मिळतात, फ्रीज धावणारच. आणि त्या कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरला आधीच्या मालकाने छोटा लाल दिवा जोडून ठेवलाय. एकदा लुकलुकायचा, थांबायचा, परत एकदा. एकदा लुकलुकणं म्हणजे व्होल्टेज बरोबर नाही, मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय. बोलत बोलत त्याने खिशातून काळी टेप काढली आणि दिव्यावर चिकटवली. मी विचारलं हे काय. "उगाच करंट खातो काका." मी मान डोलावली!! एवढासा दिवा काय करंट खाणार, माझ्या दहावीतल्या पोराने सांगितलं असतं.

शेवटी मासेमारी ट्रॉलरवर काम करणारा एक इलेक्ट्रिशियन आणला. त्याने मल्टिमीटर लावला, बॅटरीवर १२.४ व्होल्ट, कॉम्प्रेसर सुरू असताना त्याच्या टर्मिनलवर १०.३. हा कंट्रोलर १०.४ ला बंद होतो. निगेटिव्ह वायरच्या टोकाची लग (वायर जोडायची धातूची कडी) गंजून हिरवी पडलेली, बोटाला गरम लागत होती. नवी लग, जाड वायर, मजुरीसकट १,१५०. तेव्हापासून चालूच आहे. गॅस मात्र जास्त झाला होता, तो काढून मापाने भरावा लागला, ते वेगळे १,८००.

आणि तो "नवा" कॉम्प्रेसर? त्यावर डॅनफॉसचं चकचकीत स्टिकर. डॅनफॉसने हा धंदा २०१० मध्येच विकला, नव्या कॉम्प्रेसरवर सेकॉप हे नवं नाव लिहिलेलं असतं, हे मला माहीत असायला हवं होतं. नखाने स्टिकर खरवडलं तर खाली दुसरं स्टिकर, आणि सिरीयल नंबर बोट घेताना मी काढलेल्या फोटोतलाच. माझाच कॉम्प्रेसर, काळा रंग मारून, मलाच विकला. फोटो काढून ठेवा रे, सगळ्याचे.

पोलीस स्टेशनला गेलो. "घटना कुठे घडली?" बोटीवर. "बोट कुठे?" पाण्यात. मग आमची हद्द नाही, सागरीवाल्यांकडे जा. तिथले म्हणाले पैसे तुम्ही घरून पाठवलेत ना, मग घराजवळच्या स्टेशनला जा. तिथल्या साहेबांनी आधी हवालदाराला हाक मारून "अरे हे बघ, यांच्या होडीत फ्रीज आहे" असं सांगितलं, दोघं हसून झाले, मग मला म्हणे हा दिवाणी मामला आहे. माझाच माल रंगवून मला विकला हा दिवाणी मामला? दोन तास बाकड्यावर बसून एक साधा अर्ज, त्यावर शिक्का मारायला पण "उद्या या". बँक म्हणते तुम्ही स्वतः पिन टाकलात. एका हेल्पलाइनने कंपनीचं नाव विचारलं, कंपनी नाहीये म्हटल्यावर तक्रार बंद, वर मला फीडबॅकचा मेसेज, समाधानी आहात का! ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, पण नोटीस पाठवायला पत्ता लागतो आणि माझ्याकडे बिलच नाही. म्हणून बिल आणि पत्ता आधी, पैसे नंतर. आणि जुना पार्ट घरी आणा, भंगारात गेला तरी चालेल पण त्याला देऊ नका.

मित्राचा हिस्सा २४,०००, त्याने एका शब्दाने न बोलता दिला. पहिल्याच दिवशी त्याने फोनवर विचारलं होतं, व्होल्टेज बघितलंस का, आणि मी म्हटलं होतं तू नको शिकवू.

काल त्याच नंबरवरून सगळ्यांना मेसेज आलाय, पावसाळ्याआधी एसी सर्व्हिसिंग ४९९ फक्त.